आधी कारण, मग बटण

बिल्ड पडला की सोनवणे सर आधी घड्याळाकडे बघायचे. मग टेबलाच्या खणातून जाड पुठ्ठ्याची एक लांब वही काढायचे, पेनाचं टोपण दातांत धरायचे आणि वेळ लिहायचे. तोवर हॉलमधल्या दहा-बारा जणांपैकी कोणीतरी 'रीट्राय'चं, म्हणजे तोच बिल्ड पुन्हा चालवायचं, बटण दाबून मोकळं झालेलं असायचं. सर खुर्ची मागे सारून उठायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "कोणी दाबलं?" सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालायचे. "मेला कशाने ते बघितलं का कोणी? नाही ना? डायरेक्ट उठवायला निघाले." एवढं बोलून ते बसायचे आणि त्या वेळेपुढे वहीत लिहायचे, 'कारण न बघता उठवला.'

आमचं ऑफिस माजिवड्याला, हायवेच्या अंगाला, चौथ्या मजल्यावर. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. आमच्यातल्या प्रत्येकाने लिहिलेला प्रोग्राम दिवसातून अनेकदा एका भाड्याच्या मशीनवर जायचा. ते मशीन कुठल्या देशात आहे हे आमच्यापैकी कोणालाच नक्की माहीत नव्हतं. तिथे सगळ्यांचं काम एकत्र जोडलं जायचं, त्यावर हजारभर टेस्ट, म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या चाचण्या, चालायच्या आणि सगळं नीट असेल तर आमच्या भिंतीवरच्या टीव्हीवर हिरवी पट्टी यायची. काही बिघडलं तर लाल. या सगळ्या प्रकाराला बिल्ड म्हणायचं. लाल पट्टीवर ज्याने शेवटचा बदल पाठवला त्याचं नाव झळकायचं, आणि कोणीतरी हसत हसत एक कापडी गाढव आणून त्याच्या टेबलावर ठेवायचं. पुढचा बिल्ड पाडणारा सापडेपर्यंत गाढवाचा मुक्काम तिथेच. ही गंमत आहे असं सगळे म्हणायचे. मी तिथे लागले तेव्हा पहिले चार दिवस मलाही ती गंमतच वाटली.

सोनवणे सर पन्नाशीचे. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि रोज आंबिवलीहून आणलेला तीन पुडांचा डबा. बाकी सगळ्यांना आम्ही नावाने हाक मारायचो, मॅनेजरलासुद्धा. सर मात्र सर. पण या 'सर'मध्ये मान किती आणि 'तुम्ही आमच्यातले नाही' हे किती, याचा हिशेब कोणी केला नव्हता. त्यांच्या ओळखपत्रावर नुसतं 'सपोर्ट' लिहिलेलं होतं. त्यांच्या माघारी मुलं त्यांना चिडके काका म्हणायची. तो माणूस का चिडतो हे विचारायची तसदी त्या हॉलमध्ये एकानेही आठ वर्षांत घेतली नव्हती, आणि याचा मला तेव्हा यायला हवा होता तेवढा राग आला नाही. आता येतो.

ते मुळात बॉयलरवरचे. आंबिवलीच्या पुढे एका कारखान्यात ते बॉयलर अटेंडंट होते. बॉयलर म्हणजे वाफेची भलीमोठी टाकी. दर तासाला दाब किती, पाणी किती, हे रजिस्टरमध्ये लिहायचं आणि सही करायची, हे त्यांचं काम. एकदा डबा खाताना त्यांनी मला त्यांच्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. बॉयलर आपोआप बंद पडला. शिफ्ट इन्चार्जने खालून ओरडून सांगितलं, बटण दाब आणि चालू कर, माल अडकलाय. जोडीदाराने दाबलं. पुन्हा बंद पडला, पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी नळी फुटली आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पाणी कमी पडत होतं, म्हणून बॉयलर स्वतःच बंद होत होता. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'अटेंडंटची चूक'. सर म्हणाले, "ओरडून सांगणारा तिथेच उभा होता. त्याचं नाव नाही आलं. शेवटचा हात ज्याचा, चूक त्याची. मी तेव्हा गप्प बसलेलो. नोकरीला नवीन होतो ना."

पुढे तो कारखाना बंद पडला. सरांनी कल्याणला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून घेतली आणि आमची कंपनी तीन खोल्यांत होती तेव्हा तिथे चिकटले. आधी प्रिंटर, मग सर्व्हर. सर्व्हर गेले आणि भाड्याचं मशीन आलं, तेव्हा बिल्डकडे लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे आलं. वही त्यांनी बॉयलरवरून आणली, बोलणंही तिथलंच. "आधी कारण, मग बटण," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. "मशीन खोटं बोलत नाही, कमी बोलतं," हे दुसरं. आणि एखाद्याने "सर, आपोआप पडला" असं म्हटलं की ठरलेलं वाक्य: "आपोआप काय पडतं? फांदीवरचा आंबापण आपोआप नाही पडत."

मी डोंबिवलीची. शिक्षण संपल्यावर वर्षभर घरी बसून ही नोकरी मिळाली होती. सहा महिने परीक्षेचे, मग निशांत, म्हणजे आमचा मॅनेजर, ठरवणार की मला कायम करायचं की नाही. बाबांचं दुकानातलं काम सुटलेलं होतं आणि धाकटा भाऊ अजून शिकत होता. घरात मला कायम केल्याच्या पत्राची वाट कशी बघितली जात होती हे मी कोणाला सांगत नसे. आई फक्त रोज संध्याकाळी विचारायची, "आज काही बोलले का?"

नवीन माणसाला टेस्ट लिहायला बसवायचं ही तिथली पद्धत. जे काम कोणाला नको ते नव्याला. मी टेस्ट लिहायचे, पाठवायचे, आणि दर तिसऱ्या-चौथ्या वेळी टीव्हीवर लाल पट्टी आणि तिच्यावर माझं नाव: मयुरी. गाढव माझ्या टेबलावर इतकं राहू लागलं की त्याच्या कानावर मी एकदा चहा सांडला. गंमत म्हणजे माझ्या टेस्टमध्ये चूक काही सापडत नसे. नुसतं लिहून यायचं, 'किल्ड', आणि पुढे एकशे सदतीस हा आकडा. रीट्राय दाबलं की बरेचदा तोच बिल्ड हिरवा. मग सगळे म्हणायचे, बघ, झाला की. पण निशांतच्या तक्त्यात लाल पट्ट्यांची संख्या तशीच राहायची. पाचव्या महिन्यात त्याने मला केबिनमध्ये बोलावलं आणि तो तक्ता स्क्रीनवर दाखवला. माझ्या नावापुढचा खांब सगळ्यांत उंच होता. तो फार गोड आवाजात म्हणाला की, कष्ट दिसतायत तुझे, पण बिल्ड पाडणारं माणूस टीमला परवडत नाही. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलू.

बाहेर आले तेव्हा सर दारापाशीच उभे होते. त्यांनी विचारलं नाही काय झालं. म्हणाले, "एकशे सदतीस म्हणजे काय, माहितीये?"

मी नाही म्हटलं.

"म्हणजे तो स्वतःहून नाही मेला. मारलाय त्याला. मेमरी संपली की मशीनच आतल्या एकाला मारून टाकतं. चुकलेला माणूस वेगळा आणि मारलेला वेगळा. हे त्या तक्त्यात कुठे लिहिलंय? बस इथे."

त्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसू लागले. आम्हाला भाड्याने मिळायचं ते अख्खं मशीन नसे, तर त्यातला एक कप्पा. दोन प्रोसेसर आणि चार जीबी मेमरी, एवढीच आपली जागा. सरांनी बिल्डमध्ये एक ओळ घातली, जी दर पाच सेकंदांनी किती मेमरी खाल्ली ते छापायची. मरायच्या आधी आकडा सरसर चढताना दिसला. म्हणजे मेमरीच, एवढं पक्कं झालं.

इथे सर चुकले. त्यांना वाटलं माझ्याच टेस्ट मेमरी अडवून ठेवतायत, काम झालं तरी सोडत नाहीत. त्यांनी मला चांगलंच झापलं. "शिकलेली पोर तू, भांडं घेतलंस तर परत जागेवर ठेवायला नको?" तीन दिवस बसून मी माझ्या टेस्ट पुन्हा लिहिल्या. चौथ्या दिवशी बिल्ड पुन्हा मेला. सरांनी घड्याळ बघितलं, वही काढली, आणि मग हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "मयुरीच्या टेस्टला मी नावं ठेवलेली. त्या बरोबर होत्या. चूक माझी." लोकांनी हेडफोन काढून बघितलं आणि पुन्हा घातले. त्या ऑफिसात कोणी आपली चूक अशी मोठ्याने बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी वहीची मागची पानं उघडली. प्रत्येक बिल्डपुढे ते सवयीने सगळंच लिहायचे, मशीन सुरू होताना जे जे छापतं ते. त्यात एक आकडा होता, प्रोसेसर किती आहेत त्याचा. कुठे आठ, कुठे छत्तीस. आपल्याला दोनच मिळतात हे माहीत असल्यामुळे त्या आकड्याकडे कोणी बघत नव्हतं. सर बोट खाली खाली नेत गेले. आठ, हिरवा. आठ, हिरवा. छत्तीस, लाल. छत्तीस, लाल. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि तेच पान पुन्हा वाचलं.

मला त्यांनी ते असं समजावलं. "तू दोन खोल्यांत भाड्याने राहतेस. पण खिडकीतून बघतेस तर बिल्डिंगला छत्तीस खोल्या. तुला वाटतं सगळ्या आपल्याच. म्हणून तू छत्तीस जणांना जेवायला बोलावतेस. आठ खोल्यांच्या बिल्डिंगीत असलीस की आठच येतात, दाटीवाटीने का होईना बसतात. छत्तीस आले की घरमालक एकाला धक्के मारून बाहेर काढणार." टेस्ट चालवणारा प्रोग्राम आपल्या कप्प्याकडे न बघता अख्ख्या मशीनचे प्रोसेसर मोजत होता आणि तेवढे कामकरी एकदम कामाला लावत होता. दर वेळी भाड्याचं मशीन वेगळं मिळायचं, म्हणून कधी पडायचा, कधी नाही. त्यात माझा दोष कणभरही नव्हता. त्याला फक्त सांगायचं होतं की, बाबा रे, दोनच जणांना बोलव. एका ओळीचं काम.

मग माझंच नाव एवढ्या वेळा का? हा प्रश्न मला पडला, पण उत्तर सरांकडे वहीत तयार होतं. बदल पाठवताना त्यासोबत 'स्किप' असा शब्द लिहिला की टेस्ट चालतच नाहीत, बिल्ड दोन मिनिटांत हिरवा. अगदी अडीअडचणीला वापरायची सोय होती ती. माझ्या सीनिअर मंडळींनी तिची सवय करून घेतली होती. टेस्ट चालवल्या तर बिल्ड पडतो, पडला तर गाढव येतं, मग चालवायच्याच कशाला? हे एकमेकांना डोळ्यांनीच सांगून सगळे वागत होते. नवीन असल्यामुळे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी एकटीच नियमाने पूर्ण टेस्ट चालवत होते, आणि म्हणून एकटीच लाल होत होते. दवाखान्यांना जाणारं सॉफ्टवेअर तपासल्याशिवाय पुढे सरकवणारी माणसं हिरवी, आणि तपासणारी गाढव.

सरांनी निशांतला मेल लिहिली. उत्तर आलं, 'रिलीज झाल्यावर बघू, तोवर प्लीज रीट्राय.' मग त्यांनी मला दाखवलं की, मेमरी कमी पडते आहे अशी मेल त्यांनी आधीही दोनदा केली होती. दोन्हींवर तेच उत्तर. सर त्या दिवशी डबा न खाता बसून राहिले. "वाचत नाहीत," ते म्हणाले. "मी मराठी मीडियमचा, इंग्रजी चुकतं माझं. म्हणून वाचत नाहीत की काय?" मी म्हटलं, इंग्रजी बरोबर आहे सर. ते म्हणाले, "मग तर जास्तच वाईट."

शुक्रवारी मीटिंगला सगळे जमले. सरांना बोलावलेलं नव्हतं. निशांतने तक्ता लावला आणि माझ्या उंच खांबाकडे लेझरचा लाल ठिपका नेला, तेवढ्यात दार उघडून सर आत आले, बगलेत वही. निशांत म्हणाला, सर, आपण नंतर बोलू या का. सरांनी खुर्ची घेतली नाही. "दहा मिनिटं द्या. पटलं नाही तर मी स्वतः हिच्या टेबलावर गाढव ठेवतो."

मग त्यांनी सगळ्यांकडे वळून विचारलं की, गेल्या महिन्यात ज्यांनी स्किप न लिहिता एकदा तरी पूर्ण टेस्ट चालवल्या त्यांनी हात वर करावा. माझा हात वर गेला. आजूबाजूला बघितलं तर दुसरा हात नव्हता. कोणी पाण्याची बाटली फिरवत होतं, कोणी फोनकडे बघत होतं. सर ओरडतील असं मला वाटलं. ते फक्त म्हणाले, "वहीत आहे सगळं. नावं वाचत नाही."

त्यांनी निशांतला सांगितलं, तुम्ही स्वतः काहीतरी बदल पाठवा, कितीही छोटा, पण टेस्ट चालू ठेवा. "आधीच सांगून ठेवतो. मशीनने आठ छापलं तर वाचेल. छत्तीस छापलं तर मरेल, आणि खाली एकशे सदतीस येईल. मी सांगतो तसं झालं नाही तर मी जातो." निशांतने सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावरच्या स्वागताच्या ओळीतली दोन शब्दांमधली एक जादा रिकामी जागा खोडली आणि पाठवलं. एक रिकामी जागा, ज्याने जगात कोणाचं काही बिघडत नाही. आकडा आला आठ. बिल्ड हिरवा झाला आणि निशांत हसला. सर म्हणाले, "मी काय म्हटलेलं? आठ, वाचेल. परत पाठवा."

दुसऱ्या वेळी आकडा आला छत्तीस. मेमरीचा आकडा चढत गेला, आणि मग 'किल्ड', एकशे सदतीस. काचेपलीकडे हॉलमधल्या टीव्हीवर लाल पट्टी, तिच्यावर निशांतचं नाव. सरांनी माझ्यापुढचा लॅपटॉप ओढून घेतला आणि ती एक ओळ घातली: दोनच जण. तिसऱ्यांदा पाठवलं. पुन्हा छत्तीसचंच मशीन मिळालं, आणि बिल्ड हिरवा झाला. सर बाहेर गेले, माझ्या टेबलावरचं गाढव उचलून आणलं आणि निशांतच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं. कोणी हसलं नाही.

निशांतने माफी मागितली असेल असं तुम्हाला वाटेल. तो म्हणाला, "ग्रेट कॅच, सर. पण हे आधी सांगायला हवं होतं." आधी! तीन मेल गेल्या होत्या. सरांच्या कपाळावरची शीर मी बघितली. त्यांनी वही बगलेत मारली आणि ते बाहेर पडले. त्याच दिवशी क्लायंटला पत्र गेलं की, टीमने अथक प्रयत्नांनी बिल्ड स्थिर केला आहे. खाली सही निशांतची.

मला महिन्याने कायम केल्याचं पत्र मिळालं. आईने ते देवासमोर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी सरांना पेढे दिले, तर त्यांनी अर्धा पेढा खाल्ला आणि मला बिल्डची पूर्ण व्यवस्था शिकवायला घेतली. कप्पा कसा मोजायचा, डिस्क भरली तर कुठे बघायचं, वेळ संपून मेला तर कसं ओळखायचं. वहीतली पानं त्यांनी मला उतरवून घ्यायला लावली. मी विचारलं, सर, एवढं सगळं मला कशाला? ते म्हणाले, "दोन अटेंडंट लागतात बॉयलरला. एकटा माणूस म्हणजे अपघात."

त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीचे मोठे साहेब आले होते. मीटिंगमध्ये निशांतने मला उभं केलं आणि विचारलं, आता बिल्ड पडतो का? मी म्हटलं, क्वचित. मग त्याने विचारलं, पडला तर तुला एकटीला कारण शोधता येईल? मला इतका अभिमान वाटला त्या प्रश्नाचा. सरांचं शिकवणं सगळ्यांसमोर दाखवायची संधी मिळाली असं वाटलं मला. मी म्हटलं, "हो, येईल. सरांनी सगळं शिकवलंय." मोठ्या साहेबांनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं.

महिनाअखेरीला सरांना सांगण्यात आलं की, त्यांच्या जागेची आता गरज उरलेली नाही. बिल्ड पडत नाही, आणि पडला तर बघणारं माणूस टीममध्ये आहेच. निरोपाचा केकही त्यांनी कापू दिला नाही, ते थांबलेच नाहीत. वही घेऊन निघून गेले. मी निशांतकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठासमोर माझा आवाज चढला. तो प्रश्न तू मलाच का विचारलास, असं मी त्याला विचारलं. त्याने खांदे उडवले. "बाकी कोणाला येतच नव्हतं ना. मग कोणाला विचारणार?"

रविवारी मी आंबिवलीला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, दारात चपला नीट ओळीत लावलेल्या. काकूंनी चहा ठेवला. मी वाटेत ठरवलेलं सगळं विसरले आणि रडायला लागले. सर, मी तसं बोलायला नको होतं. मला येत नाही म्हणायला हवं होतं.

"का?" सरांनी विचारलं. "येत होतं ना तुला?"

"हो."

"मग खोटं बोलली असतीस तर मी शिकवलं काय?"

मी म्हटलं, निदान माझ्यावर चिडा तरी. सगळ्या जगावर चिडता. ते म्हणाले, "तुझ्यावर कशाला चिडू? विचारलं, खरं सांगितलंस." मला त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने घरी गेले असते. मग मी त्यांना निशांतचं उत्तर सांगितलं, बाकी कोणाला येतच नाही ते. सरांनी कप खाली ठेवला. चिडले ते आता, आणि भलत्याच गोष्टीवर.

"कोणालाच नाही? आठ वर्षं सगळ्यांसमोर वही लिहीत होतो. म्हणजे आता तू एकटीच? तू आजारी पडलीस तर? दवाखान्यांचं काम आहे ते, चेष्टा आहे का?" काकू आतून बाहेर येऊन बघून गेल्या. "उद्यापासून एकेकाला शेजारी बसव. शिकव."

"सर, मी शिकवलं की उद्या मलाही..."

"काढतील," सर म्हणाले. "म्हणून शिकवायचं नाही? घे, चहा गार होतोय."

मी एकेकाला शेजारी बसवते. मागच्या आठवड्यात बिल्ड पडला, आणि माझ्यानंतर आलेल्या प्राचीने कोणाला न विचारता कारण शोधून काढलं. डिस्क भरली होती. निशांत तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि त्याने त्याच गोड आवाजात विचारलं, "एकटीला जमलं?" ती खुशीत "हो" म्हणाली. तिचा तो चेहरा मला ओळखीचा होता. मी उठून त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"हिला येतं, मला येतं," मी निशांतला म्हटलं. "अजून नऊ जण राहिलेत. त्यांनाही शिकवतेय. सगळ्यांना येऊ दे, मग कोणाला काढायचं ते तुझं तू ठरव."